टोकन कुठे घालवायचे आणि कुठे अजिबात नाही

पत्र आलंय कोल्हापूरहून, टॉप इलेव्हनबद्दल, म्हणजे मोबाइलवर फुटबॉल टीम चालवायच्या गेमबद्दल. टोकन म्हणजे त्यातलं अवघड मिळणारं चलन, थोडं खेळून मिळतं, नाहीतर खरे पैसे भरून घ्यायचं. नाव न देता छापा म्हणाला म्हणून नाव देत नाही. थोडं कापून देते:

"ताई, वय २३, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत सुपरवायझर आहे, आठवड्याआड नाइट शिफ्ट. दोन वर्षं झाली टॉप इलेव्हन खेळतोय, टीमला आमच्या पेठेचं नाव दिलंय. साठवून साठवून ६० टोकन केलेले, एका आठवड्यात सगळे संपले. १४ टोकन एका ३१ वर्षांच्या स्ट्रायकरच्या बोलीत गेले आणि शेवटी तो दुसऱ्यानंच नेला, मी पण इर्षेला पेटलेलो. २२ स्टेडियमचं काम लवकर उरकायला गेले आणि बाकीचे दमलेल्या प्लेयरना ग्रीन पॅक (थकवा घालवणारे) देण्यात. आता सीझनचे ९ दिवस राहिलेत, मी तिसरा आहे, कपची सेमीफायनल तोंडावर आहे आणि एक नंबरच्या टीमचे सगळे सहा-सात स्टारवाले. मित्र म्हणतोय पगार झालाय, पैसे भर आणि टोकनचा मोठा पॅक घे. याआधी दोनदा घेतलाय, घरात माहीत नाही. घेऊ का? आणि टोकन नेमके कशावर घालवायचे ते एकदा नीट सांगा. अजून एक, ॲकॅडमीतून एक १८ वर्षांचा डावा बॅक आलाय, विकू का ठेवू?"

अरे, आधी उत्तर देऊन टाकते, मग कारणं सांगते. पैसे भरू नकोस. या ९ दिवसांत तर अजिबात नाही, कारण या ९ दिवसांत विकत घेतलेलं टोकन हे अख्ख्या सीझनमधलं सगळ्यात कमी कामाचं टोकन असतं आणि हे तुझ्या मित्राच्या लक्षात आलेलं नाही.

सीझन २८ दिवसांचा. लीगमध्ये १४ टीम, प्रत्येकाशी घरी एक आणि बाहेर एक अशा २६ मॅचेस. हे सगळं तुला पाठ आहे. पण सीझन संपून प्रमोशन मिळालं आणि तू वरच्या लेव्हलला गेलास की तुझ्या प्रत्येक प्लेयरचा एक स्टार जातो, म्हणजे २०% क्वालिटी, हे बोली लावताना किती वेळा डोक्यात असतं? तो ३१ वर्षांचा स्ट्रायकर समजा १०५% होता. आज घेतलास तर ९ दिवस १०५%, दहाव्या दिवशी ८५%, आणि ३१ वर्षांचा माणूस ट्रेनिंगला जवळजवळ हलतच नाही, त्यामुळे त्याच्या पुढच्या सीझनला तो ६५% वर येणार म्हणजे येणार. म्हणजे तू १४ टोकन खर्चून तो मिळवला असतास तरी तुला मिळाले असते फक्त ९ दिवस. तो दुसऱ्यानं नेला याचं वाईट वाटून घेऊ नकोस, ज्यानं नेला त्याचे तर टोकनही गेले आणि वर गेममधली कॅशही गेली.

आता हाच स्ट्रायकर सीझनच्या पहिल्या दिवशी मिळाला असता तर गोष्ट वेगळी होती, निदान पूर्ण २८ दिवस वापरला असता. आणि तो १९ वर्षांचा ८५% वाला असता तर त्याहून वेगळी, कारण त्याचा स्टार गेला तरी तो ट्रेनिंगनं भरून काढतो आणि चांगला फास्ट ट्रेनर, म्हणजे ट्रेनिंगला पटपट चढणारा, निघाला तर भरून काढून वर पण जातो. म्हणून टोकनला हात लावायच्या आधी एवढंच विचारायचं स्वतःला की सीझन उलटल्यावर यातलं माझ्याकडे काय उरणार आहे. काहीच उरणार नसेल तर टोकन खिशातच राहू दे.

बोलीचं सांगते कारण तुझे टोकन तिथंच सगळ्यात वाईट गेले आणि बहुतेकांचे तिथंच जातात. तू कोल्हापूरचा, मार्केट यार्डातले गुळाचे सौदे तुला माहीत असणार. तिथं चार व्यापारी बोली लावतात, एकाला माल मिळतो, बाकीचे तिघं हात झटकून पुढच्या ढिगाकडं जातात, त्यांच्या खिशातून काही गेलेलं नसतं. या गेममध्ये तसं नाही. इथं प्रत्येक राउंडला बोली लावायची तर एक टोकन द्यायचं, आणि प्लेयर दुसऱ्याला गेला तर ते टोकन परत येत नाही. हरणाऱ्यालाही पैसे पडतात. त्यामुळे चौथ्या राउंडपर्यंत पोचलास की डोक्यात यायला लागतं की आता चार घातलेत, आता सोडलं तर चार फुकट गेले, म्हणून पाचवं घालतोस, मग सहावं, आणि समोरचा पण तेच करत असतो, त्याच्या पण डोक्यात तेच चाललेलं असतं. तुमच्यातला जो आधी थांबेल तो हरतो असं वाटतं, खरं तर जो आधी थांबतो त्याचं नुकसान कमी होतं.

यावर उपाय एकच आणि तो बोली सुरू व्हायच्या आधी करायचा. आकडा ठरव. "या प्लेयरला माझे जास्तीत जास्त ४" असं ठरव आणि मोबाइलच्या नोट्समध्ये लिहून ठेव, कारण बोली चालू असताना तोंडी ठरवलेला आकडा कुणाच्याच लक्षात राहत नाही. चारला नाही मिळाला तर सोडायचा, वाईट वाटलं तरी सोडायचा. मार्केटला उद्या परत लिस्ट येते, त्याच पोझिशनचे दहा येतात. एकाच प्लेयरवर जीव जडवून बसायचं नाही.

बोली लावायची वेळ पण बघ. राउंड सुरू झाला की लगेच बोली मारली की बाकीच्यांना दिसतं की या प्लेयरवर कुणीतरी आहे, म्हणजे चांगला असणार, आणि जे लोक नुसते बघत होते ते पण घुसतात. शेवटच्या काही सेकंदांपर्यंत थांब. कुणीच बोली लावली नाही तर तुझं एक टोकन आणि प्लेयर पदरात. नेट स्लो असेल तर मात्र अगदी शेवटच्या सेकंदावर जाऊ नकोस, हुकतो.

आणि तुझ्या नाइट शिफ्टचा तर इथं फायदा आहे बघ. हा गेम सर्बियातल्या बेलग्रेडच्या नॉर्डियस कंपनीचा, आणि युरोपात खेळणारे भरपूर आहेत. बेलग्रेडचं घड्याळ आपल्या मागं चालतं, उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार. तू सकाळी सातला शिफ्टवरून बाहेर पडतोस तेव्हा तिकडं रात्रीचे अडीच-साडेतीन वाजलेले असतात, म्हणजे युरोपातले बहुतेक मॅनेजर झोपलेले. ज्या प्लेयरची बोली आपल्या पहाटे-सकाळी संपते तिथं गर्दी कमी असायची शक्यता जास्त. खात्री नसते, कारण इंडोनेशिया-मलेशियाकडं तेव्हा दिवस वर आलेला असतो आणि तिकडचे पण खेळतात, पण रात्री नऊ-दहाला जी झुंबड उडते तशी नसते. लिस्ट बघताना बोली संपायची वेळ बघत जा, प्लेयर बघायच्या आधी ती बघितलीस तरी चालेल.

आता प्लेयर कसा बघायचा, कारण पत्रात तू सगळीकडं फक्त स्टार लिहिलेत, सहा स्टार, सात स्टार, आणि स्टार हे अर्धवट माहिती देतात. स्टार म्हणजे सरासरी. प्लेयरचं कार्ड उघड, खाली १५ स्किल दिसतात, बचावाची पाच (टॅकलिंग, मार्किंग, पोझिशनिंग, हेडिंग, ब्रेव्हरी), आक्रमणाची पाच (पासिंग, ड्रिबलिंग, क्रॉसिंग, शूटिंग, फिनिशिंग), आणि शरीर-डोक्याची पाच (फिटनेस, स्ट्रेंथ, ॲग्रेशन, स्पीड, क्रिएटिव्हिटी). यातली काही पांढऱ्या अक्षरात असतात आणि काही राखाडी. पांढरी म्हणजे त्या पोझिशनला लागणारी. राखाडी म्हणजे त्या पोझिशनला फारशी न लागणारी, पण सरासरीत मात्र ती पण धरली जातात. त्यामुळे एखादा स्ट्रायकर १००% दिसतो आणि उघडून बघितलं तर टॅकलिंग-मार्किंग भरमसाट आणि फिनिशिंग मात्र ८५ वर अडकलेलं. त्याच्या शेजारी ९२% वाला असतो ज्याचं फिनिशिंग, शूटिंग, पोझिशनिंग सगळं ११० च्या वर. मॅचमध्ये दुसरा उजवा ठरतो, आणि ९२% दिसतो म्हणून त्याच्यावर कमी लोक बोली लावतात, म्हणजे तो एका-दोन टोकनात पण येऊ शकतो. या एका गोष्टीनं तुझे निम्मे टोकन वाचतील, खरंच सांगते. माझ्या ओळखीत जी माणसं एक रुपया न भरता वरच्या लेव्हलला टिकून आहेत ती सगळी पांढरी स्किल बघून घेणारी आहेत.

कुठली पोझिशन आधी? इथं पण तू स्ट्रायकरच्या मागं लागलास, आणि का लागलास ते कळतं, गोल कोण करतो ते दिसतं, गोल कुणी अडवले ते लिस्टमध्ये दिसत नाही. पण मी कापलेल्या भागात तूच लिहिलंयस की शेवटच्या पाच मॅचमध्ये ११ गोल खाल्ले. मग स्ट्रायकर कशाला? आपली अकरा जणांची टीम उघड आणि सगळ्यात कमी कोण आहे ते बघ, पहिलं टोकन तिथं.

खऱ्या फुटबॉलमध्ये इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबनं हेच केलं होतं, आठवतंय का. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी कुटिन्योला, म्हणजे त्यांच्या सगळ्यात झगमगत्या प्लेयरला, बार्सिलोनाला विकलं. लोक म्हणाले संपलं. त्याच जानेवारीत त्यांनी ७.५ कोटी पौंडांना व्हॅन डाइक आणला, सेंटर बॅक, आणि उन्हाळ्यात ॲलिसन, गोलकीपर. जिथं टीम गळत होती तिथं पैसे घातले. पुढच्याच वर्षी चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या कपच्या, सेमीफायनलला समोर बार्सिलोना, पहिली मॅच ३-० नं हरले, घरच्या ॲनफिल्ड मैदानावर ४-० नं जिंकले, त्या बार्सिलोनाच्या टीममध्ये कुटिन्यो होता, आणि फायनलला टॉटनहॅमला २-० नं हरवून कप घेतला.

आणि बार्सिलोनाचं काय झालं ते पण बघ, तुझ्या १४ टोकनच्या गोष्टीशी ते जास्त जुळतं. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांचा मोठा प्लेयर नेमार २२.२ कोटी युरोला पॅरिसच्या क्लबला गेला. अख्ख्या जगाला कळलं की यांच्याकडं पैसा आलाय आणि यांना लगेच कुणीतरी हवाय. मग जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबनं आपल्या डेम्बेलेचे १०.५ कोटी युरो आणि वर बोनस असा भाव लावला, लिव्हरपूलनं कुटिन्योचा तसाच ताणला, आणि बार्सिलोनानं दिले. दोघांनीही त्या पैशाला साजेसं काही बराच काळ केलं नाही. घाईत असलेल्या आणि खिसा भरलेला आहे हे सगळ्यांना माहीत असलेल्या माणसाला कुणी स्वस्तात काही देत नाही. गेममध्ये समोर सेलर नसतो, समोर बोली लावणारे असतात, पण घाई तीच आणि जास्त भाव तोच.

ग्रीन पॅकचं आता. यात तू पूर्ण चुकला नाहीस, फक्त कुणाला दिले तिथं चुकलास. ग्रीन पॅकनं कंडिशन, म्हणजे प्लेयरचा दम, भरते, आणि कंडिशन वेळेनुसार आपोआप पण भरते. म्हणजे दमलेल्या ३० वर्षांच्या मिडफिल्डरला मॅचआधी पॅक दिलास तर तू जे विकत घेतलंस ते थोड्या तासांनी फुकट मिळणार होतं. बेंचवरचा कमी क्वालिटीचा पण ताजा प्लेयर खेळव ना तिथं, खालच्या टीमशी मॅच असेल तर काही बिघडत नाही. रोटेशन कर. एवढं मोठं स्क्वाड कशाला असतं.

पण तेच ग्रीन पॅक १८-१९ वर्षांच्या फास्ट ट्रेनरला दिलेस तर ते वाया जात नाहीत, कारण ट्रेनिंगला कंडिशन खर्च होते, पॅकनं ती भरून परत ड्रिलला उभा केलास की त्याची क्वालिटी चढते, आणि ती चढलेली क्वालिटी त्याच्याकडं राहते. कंडिशन दोन दिवसांत उडते, पांढरं फिनिशिंग उडत नाही. म्हणजे पॅक तेच, एकाला दिला तर एका मॅचपुरता, दुसऱ्याला दिला तर पुढच्या दोन-तीन सीझनला पुरेल असा. फक्त ड्रिल निवडताना तीच पांढरी स्किल वाढवणारी ड्रिल निवड, नाहीतर लेफ्ट बॅकचं फिनिशिंग वाढवत बसशील, टक्का वाढलेला दिसेल आणि मॅचमध्ये काहीच होणार नाही. आणि हे पॅक टोकन देऊन घ्यायचेच नाहीत शक्यतो. असोसिएशनच्या (गेममधल्या मॅनेजरांच्या गटाच्या) स्पर्धा, रोजची बक्षिसं, जाहिरातीचे व्हिडिओ, यातनं येतात ते साठव. जेवताना मोबाइल हातात असतोच, दोन व्हिडिओ बघून टाकायचे.

स्टेडियमसाठी २२ टोकन हे मात्र नको होतं रे. क्लबच्या सुविधांची कामं कॅशनं होतात आणि वेळ लागतो, टोकननं फक्त वेळ वाचतो. तो वेळ तसाही जाणारच होता. तू झोपतोस, कामाला जातोस, सीटा आपोआप बांधून होतात. टोकन देऊन चार दिवस आधी सीटा मिळाल्या तर त्यातनं येते ती तिकिटांची कॅश, आणि कॅश या गेममध्ये टोकनपेक्षा खूप सोपी मिळते, जुने प्लेयर विकून पण मिळते. अवघड गोष्ट देऊन सोपी गोष्ट घेतलीस. काम रोज एक चालू ठेव, एक संपलं की दुसरं लाव, यूथ ॲकॅडमी आणि ट्रेनिंगच्या सोयी आधी, सीटा नंतर, आणि कुठंही वेळ वाचवायला टोकन नाही.

स्काउटवाले प्लेयर, म्हणजे बोली न लावता थेट टोकनला मिळतात ते, महाग दिसतात आणि असतात पण. पण तुझ्यासारख्या इर्षेला पेटणाऱ्या माणसाला कधीकधी ते परवडतात असं माझं मत आहे. निदान आकडा समोर असतो, तेवढाच जातो, आणि प्लेयर नक्की मिळतो. वय १८-१९, पांढरी स्किल चांगली, फास्ट ट्रेनर असं तिन्ही जुळलं तरच. वर्षातनं थोड्या वेळाच जुळतं. जुळलं तर घे.

सगळा हिशोब असा लागतो मग. सीझनच्या दुसऱ्या अर्ध्यात टोकन साठवायचे, स्पॉन्सरचे येतात ते, बक्षिसाचे येतात ते, हात लावायचा नाही. नवा सीझन सुरू झाला, स्टार पडले, आपली टीम कुठं कमी पडतेय ते दिसलं, की पहिल्या दोन-चार दिवसांत खर्च करायचे, कारण तेव्हा घेतलेला प्लेयर पूर्ण २८ दिवस खेळतो. त्यातले पण सगळे नाही, ८-१० गाठीला ठेवायचे, गोलकीपर जखमी झाला, कुणी लाल कार्ड खाऊन बसला, अशा अडीनडीला लागतात. गोलकीपरच्या जखमेसारखी वेळ दुसरी नाही, दुसरा कीपर धड नसेल तर तीन मॅचेस हातच्या जातात.

आता पैशाचं बोलते, आणि हे मी मोठी बहीण म्हणून बोलतेय असं समज.

गेम फुकट आहे, मग कंपनी कशावर चालते? टोकनवर. नॉर्डियस २०१० मध्ये सुरू झाली, २०१३ पासून नावाजलेला फुटबॉल कोच मोरिन्यो त्यांच्या जाहिरातीत होता, आणि २०२१ मध्ये अमेरिकेच्या टेक-टू कंपनीनं ती ३७.८ कोटी डॉलरपर्यंतच्या सौद्यात विकत घेतली. एवढी किंमत उगीच येत नाही, तुझ्यासारख्या लाखो जणांनी थोडेथोडे भरलेत त्यातनं आलीय. त्यात वाईट काही नाही, गेम चांगला आहे, बनवणाऱ्यांना पैसे मिळाले पाहिजेत, मला पण आवडतो. पण ऑफर कधी येते ते बघ. बोली हरल्यावर येते. टोकन शून्य झाल्यावर येते. खाली घड्याळ उलटं पळत असतं, इतके तास राहिले म्हणून. ज्या क्षणी तुझं डोकं सगळ्यात तापलेलं असतं त्या क्षणी खरेदीचं बटण सगळ्यात मोठं दिसतं. म्हणून माझं म्हणणं असं की हरल्यावर त्या दिवशी काहीही विकत घ्यायचं नाही, कितीही स्वस्त असो. ऑफर परत येते. कायम येते.

आणि घरात न सांगता हे जे लिहिलंयस ते मला रकमेपेक्षा जास्त खटकलं. तू कमावतोस, स्वतःच्या पगारातले थोडे पैसे स्वतःच्या करमणुकीवर घालवायचा तुला पूर्ण हक्क आहे, सिनेमाला जातोस तसं. पण सिनेमाला गेलास तर लपवत नाहीस. लपवावं लागतंय म्हणजे तुला आतून माहीत आहे की हे ठरवून झालेलं नाही, तिरीमिरीत झालंय. एक आकडा ठरव, महिन्याला एवढेच, शून्य ठरवलंस तर उत्तमच, आणि आईला किंवा बाबांना, जे जवळचे वाटतात त्यांना, सरळ सांग की मी गेमवर एवढे घालवतो. ओरडतील एकदा. पण सांगितलं की तिसऱ्यांदा बटण दाबताना हात थांबतो, हे मी बघितलंय बऱ्याच जणांचं.

सोबत दोन गोष्टी फोनमध्ये आत्ताच कर. प्ले स्टोअर उघड, वर आपल्या फोटोवर टॅप कर, पेमेंट्सच्या भागात जा, तिथं बजेट लावायची सोय आहे, महिन्याचा आकडा टाक. ते तुला अडवत नाही, फक्त सांगतं की आकडा जवळ आलाय, पण सांगतं हे पण पुष्कळ. दुसरं म्हणजे प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागायचं सेटिंग चालू कर. यूपीआय जोडलेलं असलं की पैसे जाताना कळतच नाही, मध्ये एक पायरी आली की डोकं थंड व्हायला दहा सेकंद मिळतात, आणि बऱ्याचदा दहा सेकंद पुरतात.

त्या एक नंबरवाल्याचा राग सोड. तो पैसे भरत असेल किंवा नसेल, तुला माहीत नाही. भरत असेल तर तू भरून त्याला गाठणार नाहीस, तू दहा भरलेस तर तो वीस भरेल, त्या शर्यतीला शेवट नाही. लीड्स युनायटेडनं खऱ्या फुटबॉलमध्ये असंच केलं होतं, पुढं चॅम्पियन्स लीगचा पैसा येणारच आहे असं धरून कर्ज काढून प्लेयर घेत सुटले, २००१ ला सेमीफायनलपर्यंत गेले, मग पात्रताच हुकली, पैसा आला नाही, एकेक प्लेयर विकावा लागला आणि २००४ ला प्रीमियर लीगमधून खाली गेले. पुढं जिंकू आणि मग वसूल करू, या हिशोबावर खर्च करायचा नसतो. तुझं तर वसूल व्हायचं पण काही नाही, टोकनचे परत रुपये होत नाहीत.

राहिले ९ दिवस. तिसरा आहेस ना, मग तिसरा रहा, त्यात काय कमी आहे, तिसऱ्या नंबरवरून प्रमोशन मिळतंच. लीगच्या खालच्या टीमशी ज्या मॅचेस आहेत त्यात बेंचवाले खेळव आणि मेन टीम सेमीफायनलसाठी ताजी ठेव, कंडिशन फुकटात भरू दे. सेमीफायनलच्या आधी समोरच्या टीमचं स्क्वाड आणि त्यांच्या मागच्या मॅचची फॉर्मेशन उघडून बघ, फुकट बघता येते आणि फारच कमी जण बघतात. मधल्या फळीत गर्दी करून विंगा मोकळ्या सोडणारा असेल, ४-१-२-१-२ वगैरे, तर तू विंगांवरून जा, चांगले विंगर लाव. तोच विंगांवरून येणारा असेल तर तुझे बॅक ताजे पाहिजेत, त्या दिवशी दमलेला बॅक अजिबात खेळवू नकोस. मॅचच्या वेळी शिफ्ट नसेल तर ऑनलाइन रहा, बदली खेळाडू आणि टॅक्टिक्स चालू मॅचमध्ये बदलता येतात, आणि ६० मिनिटांनंतर दमलेला एक जण काढून ताजा आणणं हे कुठल्याही पॅकएवढंच काम करतं. तू फाउंड्रीत असशील तर आधीच फॉर्मेशन नीट लावून ठेव, विनाकारण खूप अटॅकिंग मोड ठेवून जाऊ नकोस, ११ गोल खाल्लेत ते त्यामुळे पण असतील.

आणि तो डावा बॅक. विकायचा नाही. १८ वर्षांचा आहे, एकही टोकन न घालता आलाय, आणि तुझा बचाव गळतोय. आधी त्याची पांढरी स्किल बघ. मग दोन दिवस त्याला बाकीच्यांसोबत एकाच ड्रिलवर ठेव आणि बघ तो त्यांच्यापेक्षा पटपट चढतोय का. चढत असेल तर साठवलेले ग्रीन पॅक त्याच्यावर लाव, टॅकलिंग-मार्किंग-क्रॉसिंगची ड्रिल दे, सेमीफायनलला खेळवायची घाई करू नकोस, पुढच्या सीझनला तुझा लेफ्ट बॅक तोच. चढत नसेल तरी बेंचला ठेव, रोटेशनला लागेलच, आणि त्याला विकून येणाऱ्या कॅशमधून तुला त्याच्या वयाचा दुसरा घ्यायचा म्हटलं तर परत बोलीत उतरावं लागेल.